पाऊण मिलिमीटर

उम्म अल कुवैनच्या खाजणाकाठी
बोटी दुरुस्त करायच्या पत्र्याच्या शेडमध्ये
एक विमान आहे. अर्धं.
पंख भिंतीला टेकवलेले, जुन्या चादरींत गुंडाळून,
आणि लाकडी घोडीवर इंजिन,
भंगारात गेलेल्या मोटारीतून काढलेलं.
पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही.
दोन तिकोनी रोटर, कडा फुगलेला समोसा म्हणा हवं तर,
तिन्ही टोकं भिंतीला घासत फिरतात.
त्यांचा एक फेरा होईतो शाफ्टचे तीन होतात.

विमान खल्फानचं. बंदरावर वायरलेसवाला होता.
मी शारजाला लेथवर, मूळ शिरोलीचा,
सुट्टीच्या दिवशी येतो, डबा घेऊन.

शाफ्टच्या तोंडाशी मी चकती बसवली,
छत्तीस दात्यांची, त्यातला एक मुद्दाम पाडलेला.
त्या बोळक्या जागेवरून सेन्सर ओळखतो
फेरा कुठून सुरू झाला,
आणि ठिणगी कधी टाकायची ते ठरतं.
दाते आणि सेन्सर यांच्यात फट पाऊण मिलिमीटर.
तीन पोस्टकार्डं एकावर एक, बस्स.

पहिला ब्रॅकेट मी पत्र्याचा केला.
हलका हवा, विमान आहे, असं माझं शहाणपण.
पाण्याच्या पंपाच्या बोल्टला अडकवला.
संथ चालीत झकास.
साडेचार हजारांवर टायमिंगची बत्ती धरली
तर पुलीवरची पांढरी खूण एका जागी ठरेना,
उकळत्या चहातल्या वेलचीसारखी नाचायला लागली.
ब्रॅकेटच थरथरत होता,
आणि सेन्सर ते थरथरणं
दात्यांच्या हिशेबात धरत होता.
ठिणगी वेळेआधी पडली की ठोका बसतो,
रोटरच्या टोकाचं सील तुटतं.
जमिनीवर तुटलं तर खर्च.
वर तुटलं तर

खल्फान चिडला नाही.
थर्मासमधला कहवा ओतला, खजुराची बी थुंकली, म्हणाला,
माझे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे.
नावेत एकजण दोर धरून बसायचा.
त्याचं काम एवढंच,
खालून हिसका आला की ओढून घ्यायचं.
त्या दिवशी शमाल सुटलेला.
मी म्हणालो, डुलकी लागली असेल त्याला.
नाही, टक्क जागा होता.
नाव इतकी हलत होती
की प्रत्येक लाट त्याला हिसका वाटायची.
चार-पाचदा उगाच ओढलं. मग शिव्या खाल्ल्या.
मग खरा हिसका आला, तो लाट वाटला.

कहवा संपेपर्यंत कोणी बोललं नाही.

पुढच्या खेपेला मी पोलादाचा तुकडा आणला,
सोळा मिलिमीटर जाड,
मुकादमाला विचारून, भंगाराच्या ढिगातून.
ड्रिल केलं, रीमर फिरवला, दोन डॉवेल ठोकले,
पंपाला नाही, थेट केसिंगला आवळला.
वजन वाढलं. वाढू दे.
आणि सेन्सर दोन लावले, समोरासमोर.
खल्फाननं न विचारता दुसऱ्याची वायर लाल निवडली.

परत बत्ती धरली.
पाच हजार फेरे, शेडचे पत्रे वाजतायत,
वाळू खिळ्यांच्या भोकांतून गळतेय,
आणि ती पांढरी खूण
उभी. खिळल्यासारखी.
हात लावावासा वाटेल इतकी थांबलेली.
लावू नये. बोट जाईल.

मागच्या सीटवर तू बसशील ना, खल्फान विचारतो.
मी म्हणतो, माझा व्हिसा लेथवरचा आहे.
तो हसतो. मी पूर्ण हसत नाही.

इंजिन निवलं की फट पुन्हा मोजायची.
शिरोलीत आत्ता साडेनऊ,
इथल्यापेक्षा दीड तास पुढे,
सुनंदाचा फोन यायची वेळ.
तोवर फीलर गेजची पाती आत सारतो,
हळूच बाहेर घेतो.
अडकायला नको, सुटून यायला नको.
बोटांना कळेल इतकीच
ओढ लागली पाहिजे.
लागते.
बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारतो,
म्हणजे सैल झाला तर दिसेल.